खोक्यावरचं नाव नको, आतली चिप विचारा

आजचा विषय ऐकायला जरा कोरडा वाटेल, पण तो आपल्या पैशांशी आणि मुलांच्या अभ्यासाशी थेट जोडलेला आहे. जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकलं, सगळं छान सुरू झालं, पण वायफाय काही लागेना. आता नवं वायफाय कार्ड घ्यायचं तर कुठलं? गेल्या काही महिन्यांत आमच्याकडे पुन्हा पुन्हा आलेला प्रश्न हाच आहे.

तो आत्ताच का येतोय, ते आधी सांगतो. विंडोज १० चा नेहमीचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ वर जायचं तर मशीनमध्ये टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते आणि प्रोसेसरही बऱ्यापैकी नवा लागतो. इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा. म्हणजे २०१७ च्या आधी घेतलेले बहुतेक लॅपटॉप त्यातून बाद. मशीन धडधाकट, पडदा चांगला, कीबोर्ड चांगला, आणि तरी म्हणायचं की याचे दिवस भरले. अशा वेळी बऱ्याच घरांत, शाळांत आणि बचत गटांच्या कार्यालयांत लिनक्सचा विचार होतो. ते मोफत आहे, जुन्या मशीनवर हलकं चालतं, त्याचे मेनू मराठीत करता येतात. चिठ्ठ्या-चपाट्या, हिशेबाचे तक्ते, ऑनलाइन फॉर्म, व्हिडिओ, सगळं होतं.

अडतं ते बहुधा एकाच जागी, वायफायपाशी. आणि मग बाजारात जाऊन दिसेल तो डोंगल आणला जातो. तोही लागत नाही. दुसरा आणला जातो. दोन डोंगलांचे पाच-सहाशे रुपये म्हणजे आपल्यातल्या कित्येकींची दोन दिवसांची मजुरी. शेवटी वैतागून लॅपटॉप कपाटावर जातो आणि दोष लिनक्सला मिळतो. हे टाळता येतं. त्यासाठी एकच गोष्ट नीट समजून घ्यायची आहे.

नाव एकाचं, पोटात दुसराच

कुकरची रिंग आणायला आपण दुकानात जातो, तेव्हा नुसतं कंपनीचं नाव सांगून भागत नाही. झाकण आतून बसणारं की बाहेरून, कुकर तीन लिटरचा की पाच, हे सांगावं लागतं. शहाणी बाई तर जुनी रिंगच पिशवीत टाकून नेते. वायफाय कार्डाचंही तसंच आहे.

खोक्यावर जे नाव छापलेलं असतं, ते कार्ड विकणाऱ्या कंपनीचं. टीपी-लिंक, डी-लिंक वगैरे. पण खरं काम करते ती आतली नखाएवढी चिप, आणि ती बहुतेक वेळा वेगळ्याच कंपनीची असते. रिअलटेक, मीडियाटेक, इंटेल, ब्रॉडकॉम, क्वालकॉम अथेरॉस ही चिप बनवणाऱ्यांची नावं. लिनक्सला खोक्याशी काही देणंघेणं नसतं. ते ओळखतं ते फक्त चिपला.

याचं एक चांगलं उदाहरण टीपी-लिंकच्या टीएल-डब्ल्यूएन७२२एन या डोंगलचं. उभी अँटेना असलेला हा डोंगल वर्षानुवर्षं बाजारात आहे. त्याच्या पहिल्या आवृत्तीत अथेरॉसची एआर९२७१ ही चिप होती. ती लिनक्सवर लावल्या लावल्या चालते. दुसऱ्या आवृत्तीपासून त्यात रिअलटेकची चिप आली आणि लिनक्सवरचं तिचं वागणं पहिलीसारखं राहिलं नाही. नाव तेच, रूप जवळपास तेच, पण पोटातलं यंत्र बदललं. आता कुणी जुन्या अनुभवावरून सांगितलं, की ‘हाच घ्या, उत्तम चालतो,’ तर ती बाई खोटं बोलत नसते. तिच्याकडे पहिली आवृत्ती असते आणि आपल्या हातात दुकानदार तिसरी देतो, इतकंच. म्हणून मॉडेलच्या नावाबरोबर आवृत्तीही विचारायची. डोंगलच्या किंवा खोक्याच्या मागे अनुक्रमांकाजवळ ‘व्हर्जन’ म्हणून ती बारीक अक्षरात छापलेली असते.

ड्रायव्हर म्हणजे दुभाषी

आता चिप आणि लिनक्स यांचं जमतं कसं, ते पाहू. प्रत्येक चिपची बोली वेगळी असते. संगणकाने ‘नेट जोड’ म्हटलं, की ते त्या चिपला तिच्या बोलीत सांगणारा एक दुभाषी लागतो. त्याला ड्रायव्हर म्हणतात. विंडोजसाठी हा दुभाषी चिप बनवणारी कंपनी स्वतः पुरवते. लिनक्सचं तसं नाही. १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधल्या विद्यार्थ्याने सुरू केलेलं हे काम आज जगभरातले हजारो लोक मिळून पुढे नेतात. त्याचा गाभा म्हणजे कर्नल. बहुतेक ड्रायव्हर या कर्नलमध्येच ठेवलेले असतात. कंपनीने तो लिहून दिला किंवा कुणा जाणकाराने खपून लिहिला, की तो कर्नलमध्ये येतो आणि मग आपल्याला वेगळं काही टाकावं लागत नाही. कार्ड लावलं की चालू.

काही कंपन्यांनी याबाबतीत लवकर हात पुढे केला. इंटेल स्वतःच्या वायफाय कार्डांचे ड्रायव्हर कर्नलमध्ये ठेवत आली आहे. अथेरॉसने २००८ मध्ये आपल्या कार्डांसाठी खुला ड्रायव्हर दिला, म्हणून त्या काळातली अथेरॉसची कार्डं आजही लिनक्सवर निमूटपणे चालतात. ब्रॉडकॉमने २०१० मध्ये काही चिपांसाठी खुला ड्रायव्हर दिला, पण त्यांच्या बऱ्याच चिपांना कंपनीचा बंद ड्रायव्हर वेगळा टाकावा लागतो.

ड्रायव्हरच्या जोडीला आणखी एक शब्द कानावर पडेल, फर्मवेअर. बऱ्याच चिपांना सुरू होताना स्वतःच्या पोटात भरून घ्यायला एक छोटी फाइल लागते. ड्रायव्हर हजर आहे पण ही फाइल नाही, असं झालं तरी वायफाय लागत नाही. डेबियन नावाच्या लिनक्सच्या मूळ चकतीत अशा फाइली पूर्वी नसायच्या, कारण त्यांचा मजकूर खुला नसतो. जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून त्या चकतीतच मिळतात. म्हणजे कार्ड चांगलंच असतं, फक्त चकती जुनी असते, असंही होऊ शकतं.

विकत घेण्याआधी घरातलं तपासा

नवं कार्ड घ्यायला निघण्यापूर्वी लॅपटॉपमध्ये आहे ते खरंच कुचकामी आहे का, ते बघायचं. जुन्या लॅपटॉपला कडेला वायफायचं बारीक बटण असतं किंवा वरच्या ओळीतल्या एखाद्या कळीवर विमानाचं वा अँटेनाचं चित्र असतं. ते बंद असेल तर कुठलंही लिनक्स काही करू शकत नाही. आधी ते दाबून पाहा.

मग टर्मिनल उघडा. बहुतेक लिनक्सवर कंट्रोल, ऑल्ट आणि टी या तीन कळा एकदम दाबल्या की ती खिडकी उघडते. तिच्यात लहान इंग्रजी अक्षरांत लिहा: एल एस पी सी आय, मग एक जागा सोडा, मग छोटी आडवी रेघ आणि तिला चिकटून के. एंटर दाबलं की मशीनच्या आतल्या भागांची यादी येते. तिच्यात ‘नेटवर्क कंट्रोलर’ असं लिहिलेली ओळ शोधा. तिथे चिपच्या कंपनीचं नाव आणि क्रमांक दिसेल. खाली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ अशी ओळ असेल तर ड्रायव्हर जोडला गेलेला आहे. ती ओळच नसेल तर दुभाषी गैरहजर आहे. डोंगल असेल तर एल एस यू एस बी एवढंच लिहायचं. हे सगळं वहीत उतरवून घ्या. कुकरची जुनी रिंग पिशवीत टाकून नेण्यासारखंच आहे हे.

ब्रॉडकॉमचं नाव दिसलं तर घाईने खरेदी करू नका. उबुंटू किंवा मिंट असेल तर ‘ड्रायव्हर मॅनेजर’ किंवा ‘ॲडिशनल ड्रायव्हर्स’ मध्ये जा. बरेचदा तिथे ब्रॉडकॉमचा ड्रायव्हर टाकायची सोय समोरच असते.

इथे एका ताईंनी विचारलं होतं, ‘अहो, पण ड्रायव्हर उतरवायला नेट हवं आणि नेटसाठी ड्रायव्हर हवा, मग करायचं काय?’ प्रश्न अगदी रास्त आहे. उत्तर आपल्या हातातच असतं. अँड्रॉइड मोबाइल चार्जिंगच्या केबलने लॅपटॉपला जोडा. केबल मात्र नुसती चार्जिंगची नको, फोटो वगैरे पाठवता येणारी हवी. मग मोबाइलच्या सेटिंगमध्ये हॉटस्पॉटजवळ ‘यूएसबी टेदरिंग’ असतं, ते सुरू करा. लिनक्स मोबाइलचं नेट वायरीतून घेतं आणि त्यासाठी बहुधा काही टाकावं लागत नाही. राऊटर जवळ असेल तर त्याची लॅनची वायर जोडली तरी चालेल. डोंगल घेईपर्यंतही याच्यावर काम निभावतं.

आत बसणारं कार्ड की बाहेरचा डोंगल?

सगळं करूनही कार्ड घ्यायचंच ठरलं, तर दोन वाटा आहेत. लॅपटॉपच्या आतलं कार्ड बदलायचं किंवा यूएसबीला लागणारा डोंगल घ्यायचा.

आतलं कार्ड जास्त टिकतं, बाहेर काही लोंबकळत नाही आणि पोराच्या हाताने मोडतही नाही. पण ते बसवायला लॅपटॉपचं बूड उघडावं लागतं. सवय नसेल तर दुरुस्तीवाल्याकडूनच करून घ्या. आपण मात्र तीन गोष्टी विचारायच्या.

पहिली गोष्ट खाचेची. साधारण २०१४ पर्यंतच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये मिनी पीसीआय एक्सप्रेस नावाची खाच असते, त्यानंतरच्यांत एम डॉट टू. एकीचं कार्ड दुसरीत बसत नाही. अँटेनाच्या बारीक वायरींची टोकंही दोन्हींत वेगळ्या मापाची असतात.

दुसरी गोष्ट इंटेलच्या क्रमांकांची. एएक्स२०० आणि एएक्स२१० ही स्वतंत्र कार्डं आहेत. पण एएक्स२०१ आणि एएक्स२११ ही दिसायला तशीच असली, तरी त्यांचं अर्धं काम इंटेलच्या नव्या प्रोसेसरात होतं. जुन्या मशीनमध्ये ती चालतच नाहीत. एका आकड्याचा फरक, पण पैसे पाण्यात. शिवाय एएक्स२०० साठी ५.१ आणि एएक्स२१० साठी ५.१० किंवा त्यापुढचं कर्नल हवं. आजच्या कुठल्याही लिनक्समध्ये ते असतंच. मिनी पीसीआयची खाच असेल तर इंटेलचं ७२६० किंवा अथेरॉसचं जुनं कार्ड शोधा. जुन्या मशीनच्या सुट्या भागांच्या दुकानात ती मिळतात.

तिसरी गोष्ट परवानगीची. एचपी आणि लेनोव्होच्या काही जुन्या लॅपटॉपमध्ये मशीन सुरू होतानाच कार्डाची ओळख तपासली जाते. कंपनीच्या यादीत ते नसेल तर मशीन पुढे सुरूच होत नाही. इथे लिनक्सचा काही संबंध नसतो. कार्ड बसवल्यावर दुरुस्तीवाल्याच्या टेबलावरच मशीन सुरू करून पाहायचं, म्हणजे घरी येऊन डोक्याला हात लावायची वेळ येत नाही.

डोंगल घ्यायचा तर

डोंगल सोपा. लावला, काढला, दुसऱ्या मशीनलाही वापरला. पण चिपांचा सगळ्यात मोठा गोंधळ इथेच आहे, म्हणून ही नावं लिहून घ्या.

मीडियाटेकची एमटी७६०१यू ही स्वस्त, छोट्या डोंगलांत सापडणारी चिप. तिचा ड्रायव्हर २०१५ पासून कर्नलमध्ये आहे. वेग बेताचा, पण फॉर्म भरणं, मेल, अभ्यासाचे व्हिडिओ यांना पुरतो. त्याच कंपनीच्या एमटी७६१०यू आणि एमटी७६१२यू या चिपा जास्त वेगाच्या. त्यांचा ड्रायव्हर २०१८ पासून आत आहे. अथेरॉसची एआर९२७१ मघाशी सांगितलीच.

रिअलटेकचं काय? बाजारात तिच्या चिपांचे डोंगल भरपूर आहेत आणि सरसकट वाईट म्हणणं बरोबर नाही. तिथे आपलं कर्नल किती नवं आहे, ते पाहावं लागतं. उदाहरणार्थ, ८८२२बीयू आणि ८८२१सीयू या चिपांच्या यूएसबी डोंगलांचा ड्रायव्हर फेब्रुवारी २०२३ मध्ये आलेल्या ६.२ या कर्नलपासून आत आला. लिनक्स मिंट २२ मध्ये ६.८ कर्नल आहे, म्हणजे तिथे तो चालायला हवा. डेबियन १२ मध्ये ६.१ आहे, म्हणजे तिथे तो आपोआप चालणार नाही. डोंगल तोच, लॅपटॉप तोच, निकाल वेगळा. आपलं कर्नल बघायला टर्मिनलमध्ये यू एन ए एम ई, मग जागा, मग आडवी रेघ आणि आर एवढं लिहायचं.

खोक्यावरच्या दोन वाक्यांना भुलू नका. एक म्हणजे ‘लिनक्स सपोर्टेड’. कधी कधी त्याचा अर्थ इतकाच असतो, की सोबतच्या सीडीत कुठल्यातरी फार जुन्या कर्नलसाठी लिहिलेला ड्रायव्हर आहे आणि तो तुम्हीच जुळवून बसवायचा आहे. दुसरं वाक्य ‘फ्री ड्रायव्हर’, म्हणजे सीडी लागत नाही. अशा डोंगलच्या पोटात विंडोजचा ड्रायव्हर भरलेला असतो आणि पहिल्यांदा लावल्यावर तो स्वतःला सीडी म्हणून दाखवतो. लिनक्सवर कधी तो त्याच रूपात अडकून बसतो. त्याला डोंगलच्या रूपात आणायला यूएसबी मोडस्विच नावाचं साधन आहे, पण पर्याय असेल तर हा फेरा नकोच.

बाहेरून आणलेल्या ड्रायव्हरचा धोका

दुकानदार किंवा ओळखीचा मुलगा म्हणेल, ‘काकू, काळजी करू नका, मी इंटरनेटवरून ड्रायव्हर टाकून देतो.’ तो टाकेलही आणि डोंगल चालेलही. पण कर्नलच्या बाहेरचा ड्रायव्हर त्या त्या कर्नलच्या मापाने शिवलेला असतो. उद्या लिनक्सने अपडेट घेतलं, कर्नल बदललं, की तो पुन्हा नव्या मापाने शिवावा लागतो. हे आपोआप व्हावं अशी सोय असते, पण बाहेरचा ड्रायव्हर लिहिणाऱ्याने नव्या कर्नलकडे लक्ष दिलं नसेल तर ती सोयही थकते.

आणि हे घडतं कधी? शिष्यवृत्तीच्या फॉर्मची शेवटची तारीख असते, लेकीचे कागद तयार असतात, संध्याकाळी लॅपटॉप उघडावा तर वायफाय गायब. तो मुलगा तोवर पुण्याला नोकरीला लागलेला असतो. म्हणून आमचा आग्रह असा, की पन्नास-शंभर रुपये जास्त पडले तरी चालतील, पण ज्या चिपचा ड्रायव्हर कर्नलच्या आत आहे, तीच घ्या. ज्याच्यासाठी कुणापुढे हात जोडावे लागत नाहीत, ते यंत्र खरं आपलं.

दुकानात जाताना

लिनक्स असलेला पेनड्राइव्ह बरोबर न्या. उबुंटू आणि मिंट दोन्ही पेनड्राइव्हवरून सुरू करून, मशीनवर काही न टाकता वापरून पाहता येतात. लॅपटॉपवर लिनक्स आधीच असेल तर नुसता लॅपटॉप न्या. डोंगल लावा. आपल्याच मोबाइलचा हॉटस्पॉट सुरू करा, तो यादीत दिसतो का बघा, जोडा आणि एखादं पान उघडा. पाच मिनिटांचं काम आहे. दुकानदार खोका फोडू देत नसेल तर ‘लिनक्सवर चाललं नाही तर परत घ्याल का?’ असं विचारा आणि ते बिलावर लिहून घ्या. साडी घेताना पदर उलगडून बघायला आपण लाजत नाही, मग इथे कशाला लाजायचं?

घरातली जागाही लक्षात घ्या. २.४ गीगाहर्ट्झची लहर भिंतींतून लांबवर पोचते, पण संथ असते. ५ गीगाहर्ट्झची वेगवान असते, पण दोन भिंती आड आल्या की दमते. राऊटर माजघरात आणि लॅपटॉप मागच्या पडवीत असेल तर नुसत्या ५ च्या वेगासाठी जास्त पैसे घालू नका. आणि नखाएवढ्या डोंगलपेक्षा बाहेर अँटेना असलेला घ्या.

जाता जाता एक काम सांगतो. कार्ड चालू झालं, की चिपचं नाव, डोंगलचं मॉडेल आणि आवृत्ती, लिनक्सचं नाव आणि कर्नलचा आकडा, एवढं एका कागदावर लिहून लॅपटॉपच्या पाठीला चिकटवा. आणि त्याची एक प्रत आमच्याकडे पाठवा. काय चाललं तेही पाठवा आणि काय चाललं नाही तेही. प्रत्येक गावातून अशा दोन-चार चिठ्ठ्या आल्या, तर आपली स्वतःची एक यादी तयार होईल आणि पुढच्या बाईला दुसरा डोंगल विकत घ्यावा लागणार नाही. चिठ्ठ्यांची वाट पाहतो.